बहुपदी फल ओळखायचं कसं, आणि ते इतर फलांपेक्षा वेगळं का

क्ष ही एक संख्या आहे असं समजा. तिच्यावर तीनच क्रिया करायची मुभा आहे: बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार. सोबत हव्या त्या ठरलेल्या संख्या घ्या, ५ घ्या, −३ घ्या, √२ किंवा π सुद्धा चालेल. मात्र क्ष असलेल्या कशानेही भागायचं नाही, क्ष चं मूळ काढायचं नाही, क्ष ला घातांकाच्या जागी बसवायचं नाही, आणि क्रिया कुठेतरी थांबल्याच पाहिजेत. या नियमांत राहून जे फल तयार होतं, ते बहुपदी फल.

फल म्हणजे नियम. एक संख्या आत टाकली की ठरलेली एकच संख्या बाहेर येते. हा नियम कसाही असू शकतो, पण बहुपदी फलांचा नियम वरच्या तीन क्रियांचाच असतो. त्यांचे सगळे गुणधर्म याच एका बंधनातून निघतात, आणि इतर फलं वेगळी का वागतात तेही यातूनच कळतं. म्हणून व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे बंधन लक्षात ठेवणं जास्त उपयोगाचं आहे.

उदाहरणार्थ (क्ष + २)(क्ष − १)² घ्या. कंस सोडवले की क्ष³ − ३क्ष + २ मिळतं. कितीही कंस असले, कितीही गुंतागुंत असली, तरी बहुपदी शेवटी अशा सरळ रूपात येतेच: क्ष चे पूर्ण घात, प्रत्येकाला गुणणारी एक ठरलेली संख्या, म्हणजे सहगुणक, आणि क्ष नसलेलं एक स्थिर पद. सर्वांत मोठा घातांक म्हणजे बहुपदीची कोटी. इथे ती ३ आहे. क्ष² चं पद दिसत नाही, कारण त्याचा सहगुणक ० आहे. हे न दिसणारं शून्य पुढे महागात पडतं, तेव्हा ते ध्यानात असू द्या.

ओळखताना कुठे चुकतं

सर्वांत जास्त घोटाळा मुळाच्या चिन्हामुळे होतो. √३ क्ष² + ५ ही बहुपदी आहे, कारण मूळ ३ चं काढलं आहे आणि √३ ही एक ठरलेली संख्याच आहे. ३√क्ष + ५ ही बहुपदी नाही, कारण इथे क्ष चा घातांक १/२ झाला. भागाकाराचंही तसंच. (क्ष² + १)/४ मध्ये फक्त ४ ने भागलं आहे, म्हणजे १/४ ने गुणलं आहे, त्यामुळे ती बहुपदी. ४/(क्ष² + १) मध्ये क्ष छेदात गेला, ती बहुपदी नाही. सहगुणक कसाही चालतो, अट फक्त घातांकावर आहे: तो ०, १, २, ३… यांपैकीच हवा.

दुसरा घोटाळा पदांची संख्या आणि कोटी यांत होतो. क्ष¹⁰⁰ + १ मध्ये पदं दोनच आहेत, कोटी मात्र १००. आणि कोटी सांगण्याआधी पदं एकत्र करून घ्यावी लागतात. क्ष(क्ष − १) − क्ष² हे वर्ग बहुपदीसारखं दिसतं, पण सोडवल्यावर −क्ष एवढंच उरतं, कोटी १. दोन बहुपदींचा गुणाकार केला तर कोटींची बेरीज होते, पण बेरीज केल्यावर कोटी घटूही शकते, कारण मोठी पदं एकमेकांना खोडू शकतात.

नुसता ७ ही सुद्धा बहुपदी आहे, कोटी ०. शून्य बहुपदीची कोटी मात्र ठरवत नाहीत. त्यामागे कारण आहे: शून्याने कशालाही गुणलं तरी शून्यच येतं, मग शून्याला कोणतीही साधी कोटी दिली तरी ‘गुणाकारात कोटींची बेरीज होते’ हा नियम मोडतो.

एक उदाहरण थोडं थांबून बघण्यासारखं आहे: (क्ष² − १)/(क्ष − १). वरचे अवयव पाडून छेद उडवला की क्ष + १ उरतं, म्हणून ही बहुपदीच आहे असं वाटतं. पण क्ष = १ ठेवल्यावर मूळ फलात ०/० येतं, म्हणजे किंमतच नाही. आलेख काढला तर सरळ रेषा मिळते, फक्त (१, २) या जागी एक बिंदू गायब असतो. दोन फलं एकच आहेत असं म्हणायला सूत्र जुळून पुरत नाही, कोणकोणत्या संख्या आत टाकता येतात तेही जुळावं लागतं. बहुपदीत कोणतीही वास्तव संख्या टाका, उत्तर मिळतंच. कारण बेरीज आणि गुणाकार कधीच अडत नाहीत. अडतो तो भागाकार, शून्यापाशी. आणि वर्गमूळ, ऋण संख्यांपाशी.

शून्यं मोजकीच असतात

बहुपदीची किंमत ज्या क्ष साठी ० होते, त्या संख्येला बहुपदीचं शून्य म्हणतात. अ हे शून्य असेल तर (क्ष − अ) हा अवयव बाहेर काढता येतो आणि उरलेल्या बहुपदीची कोटी १ ने कमी होते. तिसऱ्या कोटीतून असे अवयव जास्तीत जास्त तीनदाच काढता येतील, त्यापुढे काढायला काही उरत नाही. म्हणून बहुपदीला (शून्य बहुपदी सोडून) तिच्या कोटीपेक्षा जास्त शून्यं असूच शकत नाहीत.

हा नियम साधा दिसतो, पण ‘हे फल बहुपदी नाही’ हे दाखवायला याच्याइतकं धारदार हत्यार दुसरं नाही. साइन फल घ्या. ते ०, π, २π, ३π… अशा अगणित ठिकाणी शून्य होतं. कोणत्याही कोटीला हे झेपणारं नाही, म्हणून साइन ही बहुपदी नाही. आता |क्ष| घ्या. शून्याच्या उजवीकडे ते थेट क्ष आहे. ते बहुपदी असतं, तर त्यातून क्ष वजा केल्यावर मिळणारी बहुपदी उजवीकडे सगळीकडे शून्य झाली असती, म्हणजे अगणित शून्यं. असं फक्त शून्य बहुपदीच करू शकते, म्हणून ती सर्वत्र शून्य हवी. पण क्ष = −२ ला |क्ष| ची किंमत २ आहे आणि फरक ४ येतो. विसंगती आली, म्हणून |क्ष| बहुपदी नाही. आलेखात शून्यापाशी दिसणारा टोकदार कोपरा हेच सांगतो. बहुपदीचा आलेख कुठेही तुटत नाही आणि त्याला कोपराही नसतो.

४/(क्ष² + १) चा आलेख मात्र तुटतही नाही, टोकदारही नाही, आणि सगळीकडे किंमतही आहे. मग ते बहुपदी का नाही? दूर जाऊन बघा. क्ष = १०० ला किंमत सुमारे ०.०००४, पुढे आणखी कमी, शून्याला चिकटत जाणारी. बहुपदी असं कधी करत नाही. स्थिर बहुपदी सोडली तर बाकी प्रत्येक बहुपदी दूर गेल्यावर धन किंवा ऋण बाजूने अमर्याद होते. क्ष³ − ३क्ष + २ मध्ये क्ष = १०० ठेवलं तर ९,९९,७०२ येतं. त्यात क्ष³ चा वाटा १०,००,०००, बाकी पदांचा मिळून फक्त −२९८. दूरवर सगळ्यांत मोठ्या घाताचंच राज्य चालतं.

म्हणूनच कोटी विषम असेल तर आलेखाची दोन टोकं विरुद्ध दिशांना जातात, एक वर, एक खाली, आणि मध्ये कुठेतरी क्ष अक्ष ओलांडावाच लागतो. विषम कोटीच्या बहुपदीला निदान एक वास्तव शून्य असतंच. कोटी सम असेल तर दोन्ही टोकं एकाच दिशेला जातात आणि शून्य नसलं तरी चालतं: क्ष² + १ हे त्याचं उदाहरण. शून्य आहे हे कळणं आणि सूत्राने ते सापडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या कोटीचं सूत्र शाळेत शिकवतात, तिसऱ्या आणि चौथ्या कोटीची सूत्रंही सोळाव्या शतकात सापडली. पाचव्या कोटीसाठी बेरीज, गुणाकार, भागाकार आणि मुळं वापरून असं सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही, हे नॉर्वेचा गणितज्ञ नील्स हेन्रिक आबेल याने १८२४ साली सिद्ध केलं.

आलेख हाताने काढताना अवयवांचं रूप सर्वांत कामाचं. (क्ष + २)(क्ष − १)² मध्ये −२ हे शून्य एकदाच आलं आहे, तिथे आलेख अक्ष ओलांडून पलीकडे जातो. १ हे शून्य दोनदा आलं आहे, तिथे आलेख अक्षाला टेकून परत फिरतो, कारण वर्ग कधी ऋण होत नाही आणि चिन्ह बदलत नाही. मधले दोन-तीन बिंदू काढा: क्ष = −१ ला ४, क्ष = ० ला २, क्ष = २ ला ४. डावं टोक खाली, उजवं वर. एवढ्यावर आकार नीट उभा राहतो. चढ संपून उतार लागतो किंवा उलट होतं, अशी वळणं जास्तीत जास्त कोटीपेक्षा एक कमी असतात; इथे दोन, क्ष = −१ आणि क्ष = १ ला.

फरकांचा तक्ता

सूत्र हातात नसेल, फक्त किमती असतील, तर काय करायचं? यासाठी जुनी आणि फार सुंदर रीत आहे. क्ष³ − ४क्ष + १ मध्ये ० ते ५ ठेवून किमती काढा:

किमती: १, −२, १, १६, ४९, १०६
पहिले फरक: −३, ३, १५, ३३, ५७
दुसरे फरक: ६, १२, १८, २४
तिसरे फरक: ६, ६, ६

प्रत्येक ओळीत पुढच्या संख्येतून मागची वजा केली आहे. तिसऱ्या फरकांच्या ओळीत आकडे स्थिर झाले, कारण एकदा फरक घेतला की कोटी १ ने उतरते. कोटी ३ असलेल्या बहुपदीचे तिसरे फरक स्थिर असतात. तो आकडाही काही सांगतो: क्ष एकेकाने वाढत असेल तर तो अग्र सहगुणकाच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या घाताच्या सहगुणकाच्या, ३ × २ × १ पट असतो. इथे ६, म्हणजे क्ष³ चा सहगुणक १. तो १२ आला असता तर सहगुणक २.

आता हाच तक्ता उलटा चालवा. तिसरा फरक ६, म्हणून पुढचा दुसरा फरक २४ + ६ = ३०, पुढचा पहिला फरक ५७ + ३० = ८७, आणि पुढची किंमत १०६ + ८७ = १९३. सूत्रात ६ ठेवून बघा: २१६ − २४ + १ = १९३. एकदा तक्ता उभा राहिला की गुणाकाराची गरजच उरत नाही. इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजचं डिफरन्स इंजिन हे यांत्रिक गणनयंत्र याच तत्त्वावर आखलेलं होतं, कारण दातेरी चाकांनी बेरीज करणं सोपं असतं. त्याच्या दुसऱ्या आराखड्याचं गणनयंत्र लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ मध्ये बांधून पूर्ण केलं. ते सातव्या कोटीपर्यंतच्या बहुपदी ३१ अंकांपर्यंत मोजतं.

घातांकी फलाला हाच तक्ता लावा. २ चा क्षवा घात: १, २, ४, ८, १६, ३२. पहिले फरक: १, २, ४, ८, १६. दुसरे फरक पुन्हा १, २, ४, ८. कितीही खाली उतरा, तीच संख्यामालिका परत येते, स्थिर कधीच होत नाही. क्ष² आणि २^क्ष यांत गफलत करणाऱ्याने हे दोन तक्ते शेजारी शेजारी मांडावेत. पहिल्यात क्ष ला स्वतःनेच गुणायचं आहे, दुसऱ्यात २ ला किती वेळा गुणायचं ते क्ष सांगतो. वाढीतला फरक तर प्रचंड आहे, पण तो सुरुवातीला फसवतो. क्ष = १० ला क्ष¹⁰ ची किंमत एक हजार कोटी, तर २^क्ष फक्त १,०२४. ५८ पर्यंत क्ष¹⁰ पुढेच असतो. ५९ ला २^क्ष त्याला मागे टाकतो आणि मग कधीच मागे पडत नाही. कोटी कितीही मोठी घ्या, असा एक टप्पा येतोच.

तक्त्यात चुकीची नोंदही पकडता येते. वरच्या किमतींत १६ च्या जागी चुकून १७ लिहिलं, आणि १९३ सुद्धा तक्त्यात घेतलं, तर तिसरे फरक ७, ३, ९, ५ असे येतात. ६ पासूनची तफावत बघा: +१, −३, +३, −१. हा नमुना दिसला की चूक एकाच किमतीत आहे, एकाची आहे, आणि कुठे आहे तेही कळतं. मोजमापांतल्या बारीक चुका अशाच फुगतात, म्हणून प्रयोगातून आलेल्या किमतींचे फरक हुबेहूब स्थिर येतील अशी अपेक्षा ठेवू नये.

या रीतीच्या तीन मर्यादा आहेत. क्ष च्या किमती समान अंतरावर हव्यात, नाहीतर तक्ता निरर्थक होतो. किमती पुरेशा हव्यात: चारच किमती असतील तर तिसरा फरक एकच मिळतो, आणि एकटा आकडा कशाशी ताडून बघणार? आणि शेवटचं, स्थिर फरक हा संशय बळकट करतो, सिद्धता देत नाही. क्ष³ − ४क्ष + १ मध्ये साइन(πक्ष) मिळवा. क्ष पूर्णांक असताना ही भर शून्य असते, त्यामुळे वरचा तक्ता जसाच्या तसा येतो, पण हे फल बहुपदी नाही.

किंमत काढायची नीट रीत

२क्ष³ − ५क्ष² + ४क्ष − ७ मध्ये क्ष = ३ ठेवायचं आहे. प्रत्येक घात वेगळा काढण्याऐवजी असं लिहा: ((२क्ष − ५)क्ष + ४)क्ष − ७. आतून बाहेर या. २ × ३ − ५ = १. १ × ३ + ४ = ७. ७ × ३ − ७ = १४. तीन गुणाकार आणि तीन बेरजा-वजाबाक्यांत काम संपलं. ही हॉर्नरची रीत. मधल्या पायऱ्यांचे २, १, ७ हे आकडे फुकट जात नाहीत. बहुपदीला (क्ष − ३) ने भागल्यावर येणारा भागाकार २क्ष² + क्ष + ७ आहे आणि बाकी १४. संश्लेषक भागाकार म्हणतात तो हाच, आणि शेषसिद्धांत इथे डोळ्यांसमोर दिसतो: बाकी म्हणजेच किंमत.

ते न दिसणारं शून्य इथे आडवं येतं. क्ष³ − ४क्ष + १ साठी सहगुणक १, ०, −४, १ असे लिहायला हवेत. क्ष = २ ला पायऱ्या १, २, ०, १ येतात, उत्तर १. मधलं ० गाळून १, −४, १ लिहिलं तर उत्तर −३ येतं, कारण नकळत क्ष² − ४क्ष + १ ही वेगळीच बहुपदी मोजली गेली.

आणखी एक धोका मोठ्या कोटीचा. (क्ष − १)(क्ष − २)…(क्ष − २०) हे कंस सोडवून लिहिलं तर क्ष¹⁹ चा सहगुणक −२१० येतो. त्यात फक्त सुमारे ०.००००००१२ ची घट केली, तर वीसपैकी दहा शून्यं वास्तव संख्याच राहत नाहीत. ब्रिटिश गणितज्ञ जेम्स विल्किन्सन यांनी दाखवलेलं हे उदाहरण संगणकावर काम करणाऱ्यांनी विसरू नये: अवयव माहीत असतील तर ते तसेच ठेवा, उगाच कंस सोडवू नका.

साइनची जागा बहुपदीला किती भरून काढता येते

संगणकाला मुळात बेरीज-गुणाकारच भराभर जमतात, म्हणून साइनसारख्या फलांच्या किमतीही बऱ्याचदा बहुपदीच्या मदतीने काढतात. क्ष − क्ष³/६ + क्ष⁵/१२० ही त्यातली सर्वांत ओळखीची, कोन रेडियनमध्ये घ्यायचा (π रेडियन म्हणजे १८०°). क्ष = ०.५ ला ती ०.४७९४२७ देते, खरी किंमत ०.४७९४२६. तीन पदांत एवढं जमतं. पण क्ष = १० ठेवलं की उत्तर ६७६.६७ येतं, आणि साइन तर −१ ते १ च्या बाहेर कधी जात नाही. यात सूत्राची चूक नाही. दूरवर मोठ्या घाताचं राज्य असतं हे वर पाहिलंच, बांधून राहणं बहुपदीच्या स्वभावात नाही.

म्हणून आधी कोन लहान करून घेतात. १० मधून ३π वजा केले की ०.५७५२२२ उरतं, आणि ३π ने सरकल्यावर साइनचं चिन्ह उलटतं. हीच तीन पदं ०.५७५२२२ ला लावा: ०.५४४०२५. चिन्ह उलटवून −०.५४४०२५. साइन १० ची खरी किंमत −०.५४४०२१ आहे.